नाकाखालचा चेहरा

९ जानेवारी

लेन्सवाल्या कंपनीकडून दर वर्षी एक जाडजूड डायरी येते आणि दर वर्षी ती मी कोणाच्या तरी गळ्यात मारतो. यंदा ठेवून घेतली. कारण इस्पितळातले मोठे डॉक्टर जे सांगतात ते त्यांच्या खोलीत मला अगदी स्वच्छ कळतं आणि जिना उतरेपर्यंत निम्मं सांडून जातं. मग मावशी उलटतपासणी घेते आणि मी ततपप करतो. मावशी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बायको गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. तेव्हापासून ही बाई समोरच्या घरात राहून आमच्या घरावर राज्य करते. मीसुद्धा तिला मावशीच म्हणतो. ती मला चष्मेवाले म्हणते, कारण माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि याहून बरं काही म्हणावं इतकं तिचं माझ्याबद्दल मत चांगलं नाही.

तर आजचं. ढब्बूच्या जिवाचा धोका टळला. ढब्बू म्हणजे माझी मुलगी. कागदोपत्री नाव छान आहे, पण जन्मली तेव्हा इतकी गुटगुटीत होती की ते कोणी वापरलंच नाही. आता तिशी ओलांडली, मुलांना पोहायला शिकवते, आणि सगळा तलाव तिला ढब्बूताई म्हणतो. गेल्या महिन्यात सकाळी सायकलवरून तलावावर निघाली होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार आतल्या माणसाने मागे न बघता उघडलं. दाराची कड थेट तोंडावर. मोटारीला आरसे कशाला लावलेले असतात, हे मला त्या माणसाला एकदा शांतपणे विचारायचं आहे. शांतपणे जमेल असं वाटत नाही.

खालच्या जबड्याचा पुढचा भाग, म्हणजे हनुवटी आणि तिच्या दोन्ही अंगांचं थोडं हाड, याचा इतका चुरा झाला की तो काढावाच लागला. उरलेली दोन टोकं जागा सोडू नयेत म्हणून बाहेरून एक बारीक दांडी बसवली आहे, दात तारांनी बांधले आहेत. बोलणं जवळपास बंद, खाणं नळीतून. एक पाटी दिली आहे, तिच्यावर लिहिते. आज लिहिलं, "दुकान उघडं ठेव. इथे बसून नर्सच्या फ्रेमला नावं ठेवू नकोस." म्हणजे डोकं शाबूत आहे.

१२ जानेवारी

आज हाड छापणाऱ्या मुलीला भेटलो. चेष्टा नाही, खरंच छापते. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, धुलाईखान्याच्या वरच्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा आहे. खालून साबणाचा वास येत असतो. काचेच्या कपाटासारखं एक यंत्र आहे, त्यातली सुई पांढऱ्या लगद्याचा दोरा सोडते, एका थरावर दुसरा, आडवा, उभा, आडवा, आणि त्यातून बारीक भोकाभोकांचा एक तुकडा उभा राहतो. लगद्यात हाडात असतो तोच क्षार आणि टाक्यांचा दोरा जसा अंगात विरघळतो तसलं काहीतरी. ढब्बूच्या कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी या जाळीत सोडायच्या. मांडवावर वेल चढावा तसं तिचं स्वतःचं हाड त्या भोकांतून चढत जाणार, आणि वेल धरला की मांडव हळूहळू विरून जाणार.

"म्हणजे शेवटी तुमचं त्यात काहीच उरणार नाही?" मी विचारलं.

"काहीच नाही, काका. काम चांगलं झालं तर आमचं काही उरत नाही."

मला ही मुलगी आवडली. तिचा चष्मा मात्र सारखा घसरत होता. बोलता बोलता तिच्या नाकावरून काढून घेतला, खिशातल्या पेचकसाने नाकाच्या गाद्या जवळ घेतल्या आणि परत चढवला. मोठे डॉक्टर बघत राहिले. यापुढे मी तिला छपाईवाली म्हणणार आहे.

अडचण आकाराची आहे. एका बाजूचा गाल फुटला तर दुसऱ्या बाजूचा उलटा करून वापरतात. पण हनुवटी एकच असते, तिला दुसरी बाजू नाही. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत कातडी दिसते, आतलं हाड दिसत नाही. जबड्याचे जुने एक्स-रे मागितले तर तेही नाहीत, कारण ढब्बूचे दात कधी दुखलेच नाहीत. इतकी वर्षं मी दात घास म्हणून तिच्या मागे लागलो त्याचं हे फळ. तर रक्ताच्या नात्यातल्या कोणाचा तरी जबडा नमुन्याला मिळाला तर बरं, असं छपाईवालीचं म्हणणं. मी लगेच मावशीचं नाव सुचवलं. ढब्बूची हनुवटी आईच्या घरची, हे आमच्याकडे सर्वमान्य आहे. मावशीने ते बारशालाच जाहीर केलं होतं.

जाताना छपाईवालीने विचारलं, "काका, ही दाढी किती वर्षांची?" म्हटलं, मिसरूड फुटलं तेव्हापासूनची, वस्तरा माहीतच नाही. बराच वेळ कौतुकाने बघत होती. हल्लीच्या मुलींना चांगल्या दाढीची कदर आहे.

१८ जानेवारी

ढब्बूचं आणि माझं आज थोडं वाजलं. तिने पाटीवर लिहिलं, "बाबा, तू माझ्याकडे बघत नाहीस."

मी म्हटलं, तासभर समोर बसलोय, बघत नाही म्हणजे काय. तिने पुसून लिहिलं, "डोळ्यांकडे बघतोस. नाकाखाली बघ."

आता हा माझा धंदाच आहे. चाळीस वर्षं लोकांचे डोळे, नाकं आणि कान बघितले. कोणाचा उजवा कान वर आहे, कोणाचं नाक मुळाशी रुंद आहे, हे मला माणूस दुकानात शिरताना कळतं. नाकाच्या शेंड्याशी माझं कार्यक्षेत्र संपतं. गिऱ्हाइकाला मिशी होती का असं विचारलंत तर मला सांगता येणार नाही. हे सगळं तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि नुसतं बोट खाली दाखवलं.

मी बघितलं. बघितलं म्हणजे बघायला लागलोच होतो, तेवढ्यात खिडकीतून ऊन येतंय असं लक्षात आलं म्हणून पडदा ओढायला उठलो. मग नर्स आली. उद्या नीट बघेन.

२४ जानेवारी

मावशीचा स्कॅन झाला. एखाद्या समारंभाला निघावं तशी नटून आली होती. यंत्रवाल्याने सांगितलं, कानातलं काढा, गळ्यातलं काढा, केसांतल्या पिना काढा. मावशी म्हणाली, "मग एवढी तयारी कशासाठी केली मी?" तोंड हलवायचं नाही अशी ताकीद मिळाल्यावर ती पूर्ण गप्प राहिली. बायको असती तर हे दृश्य बघायला शेजारीपाजारी घेऊन आली असती.

परत येताना म्हणाली, "चष्मेवाले, पोरीला आपल्या घरचं काहीतरी देता येतंय, बरं वाटलं बघा." आणि मग रस्ताभर बोललीच नाही, हे आणखी आश्चर्य.

२८ जानेवारी

जमलं नाही. छपाईवालीने पडद्यावर दाखवलं. मावशीची हनुवटी रुंद, पुढे आलेली, दाराच्या उंबऱ्यासारखी सरळ. ढब्बूच्या जबड्याची उरलेली दोन टोकं आणि मावशीचा मधला भाग शेजारी ठेवला की दोन्हीकडे पायरी पडते. लहान करून बघितलं, तिरकं करून बघितलं, पायरी जात नाही. मावशी खुर्चीत बसून पडद्याकडे बघत होती. "यंत्र चुकत असेल," म्हणाली. छपाईवालीने पुन्हा एकदा जुळवून दाखवलं. मग म्हणाली, "नसेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिच्यासाठी वाईट वाटलं. पाणी आणून दिलं. तिने घेतलं हे विशेष.

मग छपाईवालीने दुसरा नमुना काढला. शेकडो बायकांच्या जबड्यांचा मेळ घालून संगणकाने केलेला. सुरेख होता. मधोमध, सरळ, कुठे वावगं नाही. मी म्हटलं, हाच छापा, आणखी काय पाहिजे.

ती म्हणाली, "काका, तुमचा स्कॅन करून बघूया का एकदा?"

मी हसण्यावारी नेलं. पण इथे खरं लिहायला हरकत नाही. माझी हनुवटी हा माझ्या अंगावरचा सर्वांत टाकाऊ माल आहे. छोटी, टोकदार आणि डावीकडे झुकलेली. शाळेत मला तिरपागडा म्हणायचे. वर्गात फळ्यावर कोणीतरी नुसती एक तिरकी रेघ ओढायचा आणि सगळा वर्ग हसायचा, मास्तरांना कळायचंसुद्धा नाही का ते. दाढी फुटली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. लग्नाच्या वेळी बायकोने दाढी काढायची अट घातली असती तर लग्न मोडलं असतं. तिने घातली नाही. तिला दाढी आवडायची, असं म्हणायची.

ढब्बूची हनुवटीही किंचित डावीकडे होती, नाही असं नाही. पण तिची गोष्ट वेगळी. तिला तो झोक शोभायचा. हसायला लागली की आधी हनुवटी निघायची आणि हसू मागून यायचं. त्याच्यात आणि माझ्या तिरपागडेपणात काही संबंध नाही. छपाईवालीला हे समजावणं कठीण होतं म्हणून समजावलं नाही.

२ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर म्हणतात, आकार लवकर ठरवा. जखमेचे व्रण आत ओढले जाताहेत, जितका उशीर तितकी कातडी आखडणार, मग नवीन हाडावर ती पुरणार नाही. छपाई पंधरवड्याच्या आत झाली पाहिजे.

मी सांगून टाकलं, संगणकाचा नमुना घ्या. करतोच आहोत तर निर्दोष करू. डॉक्टर म्हणाले, "तिला विचारलंत?"

विचारायला गेलो. नमुन्याचा पांढरा प्लास्टिकचा तुकडा हातात दिला. तिने उलटसुलट करून बघितला आणि लिहिलं, "ही कोणाची?"

"कोणाचीच नाही. सगळ्यांची मिळून सरासरी."

"मग सगळ्यांना वाटून टाक."

मी चिडलो. म्हटलं, पुढचं सगळं आयुष्य जायचंय, सरळ हनुवटी फुकट मिळतेय, कशाला नखरे. माणसं काय काय बोलतात तुला माहीत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग लिहिलं, "माझी कशी होती? मला समोरूनच माहीत आहे. तू सगळीकडून बघितली आहेस."

सांगायला लागलो. खाली किंचित टोक होतं. डावीकडे झोक, पण फक्त शेवटी शेवटी, मुळात नाही. उजव्या अंगाला एक सपाट जागा, तिथे मूठ टेकून ती अभ्यास करायची आणि तिथेच झोपायची. चिडली की खालचा ओठ आत जायचा आणि टोक वर यायचं. लहानपणी आइस्क्रीम त्या टोकावरून गळायचं, कधी उजवीकडून नाही, नेहमी डावीकडून. एकदा तलावावर दुसऱ्या टोकाला पन्नास मुलांत ती उभी होती, पाठीमागून ऊन, नुसती बाहेरची रेघ दिसत होती, तरी मी ओळखली. सांगत सुटलो. केव्हा थांबलो ते कळलं नाही.

तिने पाटी जवळ ओढली. मग लिहिलं, "नाकाखाली बघत होतास तर."

मग खाली, बारीक अक्षरात, "मला तीच पाहिजे."

मी उठून बाहेर आलो. तीच पाहिजे म्हणे. कुठून आणू?

५ फेब्रुवारी, रविवार

आज दुकान बंद असतं. तरी गेलो. छपाईवालीने पुन्हा विचारलं होतं, मावशीनेही आता तिची री ओढायला सुरुवात केली होती, म्हटलं एकदाची खात्री करून सगळ्यांची तोंडं बंद करावी. दुकानात उजेड चांगला आहे आणि काउंटरवर गोल आरसा आहे, गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवायचा. कात्रीने आधी रान तोडलं. मग साबण, मग वस्तरा. सवय नसल्यामुळे दोन ठिकाणी कापलं.

तोंड पुसलं, चष्मा लावला आणि आरशात बघितलं.

आरशात माझ्या नाकाखाली ढब्बू होती.

मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. टोक तेच, शेवटी शेवटी झोक तोच, उजव्या अंगाची सपाट जागा बोट ठेवून बघितली तर तीही होती. माझ्या तोंडावर ही सपाट जागा आहे हे मला माहीतच नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षं जे कोणाला दिसू नये म्हणून केसांत पुरून ठेवलं, तेच दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघून मी रोज खूश होत होतो. हे मला काही केल्या उलगडत नाही. माझ्यावर ते वाईट होतं आणि तिच्यावर चांगलं, मग वाईट काय होतं? मी रडलो. बराच वेळ रडलो. शटर अर्ध्यावर होतं, खालून एक मांजर आत बघत होतं.

६ फेब्रुवारी

मफलर गुंडाळून इस्पितळात गेलो. लोक बघत होते, कारण उकडत होतं. ढब्बूच्या खोलीत मावशी बसली होती. मी दार लावलं आणि मफलर काढला.

मावशीच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती उठून जवळ आली, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, लहान मुलाचं तोंड धुताना धरतात तशी. मी निमूट धरू दिली.

"अहो चष्मेवाले," ती म्हणाली, "इतकी वर्षं चोरीचा माल दाढीत लपवून बसलात होय. आणि मी आपली आमची म्हणून गावभर मिरवत होते."

"मला माहीत नव्हतं, मावशी."

"तुम्हाला काय माहीत असतं?" म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता. मग म्हणाली, "तिच्या आईला हे बघायला मिळालं नाही. दाढीच आवडते म्हणायची वेडी."

ढब्बूने हाताने बोलावलं. मी पलंगाशी वाकलो. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांची बोटं माझ्या जबड्यावरून फिरवली, कानापासून खाली, हळूहळू, मग टोकाशी. डाव्या झोकाशी थांबली, परत मागे गेली, परत तिथे आली. उजव्या सपाट जागेवर तिने स्वतःची मूठ टेकवून बघितली. डोळे उघडले तेव्हा भरलेले होते. तोंडातल्या तारांमधून, ओठ न हलवता, ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. मावशी म्हणाली, "'हीच' म्हणतेय."

आणि मी तिच्याकडे बघत होतो. दांडी, टाके, सूज, आत गेलेली मोकळी जागा. सगळं बघितलं. तितकं भयंकर नव्हतं. तिचंच होतं.

११ फेब्रुवारी

माझा स्कॅन ढब्बूच्या उरलेल्या टोकांना जोडला आणि पायरी गेली. म्हणजे आकार थोडा कमी करावा लागला, बाप्याचं हाड जाड असतं. पण रेघ दोन्हीकडे अशी जुळली की छपाईवाली खुर्चीवरून उठून उभी राहिली. "मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं, काका," म्हणाली. "कानाखालची रेघ दाढीतूनही दिसत होती. पण दाढीबद्दल कसं विचारायचं?" म्हणजे ते कौतुक नव्हतं. असो.

पुढचं काम ढब्बूच्या बोटांनी केलं. छपाईवाली मेणाचा नमुना आणायची, ढब्बू डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवायची, मग माझ्या तोंडावरून, मग पुन्हा मेणावर. लिहायची, "इथे कमी." "इथे बाबासारखं, पण गोल." मी आपला वाकून उभा. दर वेळी माझी हनुवटी मागवली जायची. कंबर भरून आली. शेवटच्या मेणावर तिने बोट ठेवलं आणि नुसती होकारार्थी मान हलवली. डोळे मिटलेलेच होते. छपाईवालीने तो नमुना दोन्ही हातांत घेऊन नेला.

१७ फेब्रुवारी

छपाई बघायला परवानगी मिळाली. काचेपलीकडे सुई पुढेमागे जात होती आणि पांढरी जाळी मुंगीच्या पावलांनी वर येत होती. मावशी म्हणाली, "एवढीशी तर आहे." खरंच एवढीशी आहे. मुठीत मावेल.

उद्या ऑपरेशन. आज जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी

झालं. सकाळी नेलं, संध्याकाळी आणलं. मोठे डॉक्टर म्हणाले, बसली. मावशीने त्यांच्या पाठीवर थोपटलं. त्यांच्या चष्म्याची एक दांडी ढिली होती, ती मी घट्ट करून दिली.

१ मार्च

ताप. डावीकडचा टाका उघडला आणि त्यातून पाणी येतंय. डॉक्टरांनी लपवलं नाही. आतपर्यंत संसर्ग पोहोचला असेल तर जाळी काढावी लागेल, आणि एकदा काढली तर तिथे पुन्हा बसवण्याजोगी जागा राहीलच असं नाही. अजून थांबून बघू म्हणाले.

छपाईवाली आली होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. जिन्यात मला म्हणाली, "काका, माझं काही चुकलं असेल का?" मलाच वाटत होतं की माझ्या हनुवटीचा पायगुण. माझ्या अंगावर असताना तिने मला कधी सुख दिलं नाही, ढब्बूला काय देणार? हे मोठ्याने बोललो असतो तर मावशीने झोडपलं असतं. इथेच लिहितो.

संगणकाची सरळ घेतली असती तरी हे झालंच असतं, डॉक्टर म्हणतात. मला पटत नाही.

६ मार्च

ताप उतरला. पाणी थांबलं. डॉक्टर म्हणाले, वरवरचंच होतं, आत पोहोचलं नाही. मावशी इस्पितळाच्या बाकावर तीन तास झोपली, तोंड उघडं टाकून. मी उठवलं नाही, उलट पांघरूण घातलं. जागी झाल्यावर माझ्यावरच ओरडली की लोक बघत होते.

२२ मे

बाहेरची दांडी काढली, तारा काढल्या. आतली पट्टी आहे, ती राहणार. ढब्बूने मऊ केळं दाताने तोडलं. पुढचे दात नाहीत, बाजूच्या दातांनी तोडलं. खालचा ओठ अजून बधिर आहे, तिला लागलेलं कळत नाही, मी पुसायला गेलो तर हात झटकला. बोलायला लागली आहे, जरा बोबडी. पहिलं संपूर्ण वाक्य मला उद्देशून होतं, "बाबा, दाढी वाढवायची नाही."

म्हटलं, काम झालं की आता, नमुना दिला, मला माझी दाढी परत दे. म्हणाली, "माझी पूर्ण होईपर्यंत तुझी उघडी राहू दे. मला ताडून बघायला लागते." आणि बघतेसुद्धा. येता जाता माझ्या तोंडाला हात लावते. गिऱ्हाइकांसमोरही.

रोज सकाळी वस्तरा. आयुष्यात इतकं रक्त मी कधी सांडलं नव्हतं. दुकानात जुनी गिऱ्हाइकं विचारतात, "मालक कुठे गेले?"

९ सप्टेंबर

स्कॅन. छपाईवालीने पडदा माझ्याकडे वळवला आणि एकेक दाखवत गेली. जाळीची भोकं बुजली. दोन्ही टोकांकडून हाड चालत आलं आणि मध्यावर भेटलं. जाळी निम्मी दिसतच नाही. "बघा काका, आमचं जातंय," म्हणाली, आणि रडायला लागली. चष्मा ओला झाला. पुसून दिला. ढब्बू तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. सूज उतरल्यापासून आज पहिल्यांदाच मला बाजूने ती रेघ दिसली. तलावापलीकडून ओळखता येईल.

३ डिसेंबर

आज दातांच्या दवाखान्यात गेलो होतो. नवीन डॉक्टर, नवीन जागा, कोणी आम्हाला ओळखणारं नाही. पुढचे चार दात बसवायचे आहेत. त्यांनी ठोकून, दाबून, फिल्म बघून सांगितलं, हाड भक्कम आहे, यात दात रोवता येतील. जाळीचा आता मागमूसही नाही. जे आहे ते सगळं तिचं.

त्याआधी बाहेर बाकावर बसलो होतो. ढब्बू मासिक चाळत होती, मी समोरच्या लोकांच्या फ्रेमी बघत होतो. शेजारी एक वयस्कर बाई होत्या, गाल सुजलेला, रुमाल धरलेला. त्या बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. व्रणांकडे बघताहेत असं वाटून मी काहीतरी तिखट बोलायची तयारी करत होतो. तर त्या म्हणाल्या, "मुलगी अगदी वडिलांवर गेलीय हो."

मला आजवर हे कोणी म्हटलं नव्हतं. कधीच नाही. बारशाला नाही, शाळेत नाही, कुठल्या लग्नकार्यात नाही.

ढब्बूने मासिकातून मान वर केली. "नाही हो आजी," ती म्हणाली, "बाबा माझ्यावर गेलेत."

बाई हसल्या, आणि गाल दुखला म्हणून विव्हळल्या. ढब्बूही हसली, आधी हनुवटी, मग मागून हसू. मला काहीतरी बोलायचं होतं, पण माझीच हनुवटी थरथरायला लागली, आणि आता ती लपवायला दाढी नव्हती. त्या बाईंना दिसली, नर्सला दिसली, समोरच्या बाकावरच्या सगळ्यांना दिसली. मी तशीच दिसू दिली.